डिस्क आपली, कुलूप दुसऱ्याचं

कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं, फोटो दिसले. कॉम्प्युटर विंडोजचा असो नाहीतर लिनक्सचा. आज यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. पण विंडोजची डिस्क लिनक्समध्ये सुरळीत वाचता आणि लिहिता यावी, एवढ्या साध्या गोष्टीला २८ वर्षं लागली. १९९३ ते २०२१. आणि ही सगळी वर्षं काही तंत्रज्ञान अवघड म्हणून गेली नाहीत. बरीचशी वर्षं लपवालपवी, पेटंट आणि कोर्टाची भीती यांनी खाल्ली.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि तालुक्याच्या बातम्या करत आलो. पण सात-बारा, फेरफार, वारसनोंदी यांच्या बातम्या करताना एक गोष्ट पक्की कळली. जमीन कसतो कोण हे गाव सांगतं, पण अडचणीच्या वेळी विचारलं जातं ते दप्तरात काय लिहिलंय आणि ते दप्तर कोणाच्या ताब्यात आहे. हा इतिहास वाचताना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला, म्हणून ही लांबलचक पोस्ट. सवडीने वाचा.

आधी दप्तर म्हणजे काय ते

डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर फाईल, फोल्डर असं काही नसतं. असतात नुसते शून्य आणि एक, लाखो कप्प्यांत भरलेले. तुमच्या लग्नाचा व्हिडिओ कुठल्या कप्प्यात सुरू होतो, पुढचा तुकडा कुठे आहे, रिकामे कप्पे किती, याची एक नोंदवही त्याच डिस्कवर ठेवलेली असते. ही नोंदवही ठेवायची पद्धत म्हणजे फाईल सिस्टीम. नोंदवही गेली की कप्प्यात माल असूनही तो कुणाचा, कुठला, काही कळत नाही.

ही वही वाचण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा करतो. त्याला कर्नल म्हणतात. प्रत्येक कंपनीची वही लिहायची रीत वेगळी. परक्या रीतीची वही वाचायची तर कर्नलमध्ये त्यासाठीचा वेगळा कोड, म्हणजे ड्रायव्हर, कुणीतरी लिहावा लागतो. लिहिला तरी काम संपत नाही. लिनक्सचा कर्नल तयार करताना एक लांबलचक यादी समोर येते. अमुक गोष्ट घ्यायची का? उत्तरं तीन : हो, लागेल तेव्हा जोडता येईल अशी वेगळी ठेवा, किंवा नाही. त्या यादीत 'एनटीएफएस' नावाची एक ओळ असते. त्या ओळीपुढे काय लिहायचं, यावरून जगभर किती डोकेफोड झाली त्याची ही गोष्ट.

वाचणं आणि लिहिणं यातला फरकही लक्षात ठेवा. पेशवे दप्तरातला मोडी कागद अर्धवट मोडी येणाऱ्याने वाचला तर फार तर एखादा शब्द चुकीचा लागेल. कागद जसाच्या तसा राहील. पण त्याच माणसाने मूळ दप्तरात नवी नोंद घालायचं ठरवलं तर? एक काना चुकला की नंतर वाचणाऱ्या सगळ्यांची वाट लागली. परकी डिस्क वाचणं आणि तिच्यावर लिहिणं यात नेमका हाच फरक आहे.

लिनक्सचा जन्मच दुसऱ्याच्या घरात

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स लिहायला घेतलं. त्याच्या कॉम्प्युटरवर मिनिक्स नावाची सिस्टीम होती. प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ मध्ये केलेली. लिनसने पहिल्या लिनक्ससाठी फाईल सिस्टीम वापरली ती मिनिक्सचीच. म्हणजे लिनक्सची पहिली वही ही दुसऱ्याच्या रीतीची होती. तिला मर्यादा होत्या : डिस्क ६४ एमबीपर्यंतच आणि फाईलचं नाव १४ अक्षरांचं.

लिनक्सला स्वतःची फाईल सिस्टीम १९९२ मध्ये मिळाली. फ्रान्सच्या रेमी कार्डने ती केली. त्याच सुमारास कर्नलमध्ये एक मधला थर आला. वर प्रोग्रामने फक्त म्हणायचं, "ही फाईल उघड." खाली डिस्कवर वही कुठल्या रीतीची आहे ते त्या थराने पाहून घ्यायचं आणि योग्य ड्रायव्हरला काम द्यायचं. या एका सोयीमुळे परक्या पाहुण्यांसाठी दार कायमचं तयार झालं. आज लिनक्स डझनावारी फाईल सिस्टीम वाचतो, त्याचं मूळ इथे आहे.

पहिला मोठा पाहुणा म्हणजे मायक्रोसॉफ्टची फॅट. फॅट म्हणजे फाईल ॲलोकेशन टेबल, कुठला कप्पा कुणाचा याचा तक्ता. ती १९७७ मध्ये मार्क मॅकडोनाल्ड याने रचली आणि पुढे डॉसबरोबर जगभर पसरली. रचना इतकी साधी की चांगल्या प्रोग्रामरला फारसा त्रास पडू नये. वेर्नर आल्मेसबेर्गर याने १९९२ मध्ये लिनक्ससाठी तिचा ड्रायव्हर लिहिला. विंडोज ९५ मध्ये फाईलला लांब नावं देता येऊ लागली, तेव्हा गॉर्डन चॅफी याने तीही सोय लिनक्समध्ये आणली. कुणी अडवलं नाही, कुणी बिल पाठवलं नाही. ही लांब नावं पुढे कशी महागात पडली ते येतंच आहे.

बाराखडीच न छापलेली लिपी

१९९३ मध्ये विंडोज एनटी आली आणि तिच्याबरोबर एनटीएफएस ही नवी फाईल सिस्टीम. फॅटपेक्षा कितीतरी पुढची. कुणाला काय पाहता येईल याचे हक्क, लाईट गेली तरी वही बिघडू नये म्हणून आधी कच्ची नोंद आणि मग पक्की, मोठ्या फाईल, सगळं तिच्यात होतं. फक्त आतली संपूर्ण रचना कंपनीने बाहेर छापली नाही. मोडी शिकायला निदान पुस्तकं आणि जाणकार आहेत. इथे बाराखडीच कुलपात.

मग लोकांनी काय केलं? डिस्कवर एक फाईल लिहायची, आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवायचे, काय बदललं ते बघायचं. पुन्हा दुसरी फाईल. पुन्हा तुलना. अशा पद्धतीने मार्टिन फॉन लोविस याने ड्रायव्हर उभा केला आणि १९९७ च्या अखेरीस तो लिनक्सच्या कर्नलमध्ये गेला. वाचणं बऱ्यापैकी जमलं. लिहिण्याच्या सोयीपुढे मात्र यादीतच मोठ्या अक्षरांत इशारा छापलेला होता : धोकादायक. तो शोभेचा नव्हता. ती सोय चालू करून लिहायला गेलं की पार्टिशन खराब होण्याची खरोखरच भीती होती.

२००२ मध्ये केंब्रिजमधल्या अँटन आल्टापार्माकोव्ह याने हा ड्रायव्हर पुन्हा पहिल्यापासून लिहिला. त्याने सावध मार्ग धरला. नवी फाईल बनवायची नाही, जुनी पुसायची नाही, लांबी वाढवायची नाही. आहे त्या फाईलमधला मजकूर त्याच लांबीत बदलता येईल, बस्स. ऐकायला हे हास्यास्पद वाटतं, पण दप्तर खराब करण्यापेक्षा हात आखडता घेतलेला बरा, असं मानणारा तो माणूस होता. मला ते पटतं.

एकाने तर वेगळीच शक्कल लढवली. यान क्राटोख्विल या चेक प्रोग्रामरने २००३ मध्ये विंडोजचा मूळ ड्रायव्हरच उचलून लिनक्समध्ये चालवून दाखवला. म्हणजे लिपी शिकण्यापेक्षा लेखनिकच भाड्याने आणण्यासारखं. चालायचं ते, पण संथ.

खरा दिलासा मिळाला २००६-०७ मध्ये. हंगेरीच्या साबोल्च साकाचित्शने एनटीएफएस-३जी आणलं. यात लिहिता येत होतं, तेही भरवशाने. पण हे कर्नलच्या आत नव्हतं, बाहेर बसून काम करणारं होतं. प्रत्येक वाचना-लेखनाला आत-बाहेर हेलपाटा, त्यामुळे वेग कमी. तरी लोकांनी डोक्यावर घेतलं, कारण दहा वर्षांत प्रथमच विंडोजच्या डिस्कवर निर्धास्त लिहिता येत होतं.

ती एक बंद ओळ

आता मुद्द्यावर येतो. त्या काळात आपल्याकडे इंटरनेट महाग आणि मंद. लिनक्स यायचं ते मासिकांबरोबरच्या सीडीवर, किंवा कुणा मित्राच्या कॉपीतून. त्यात रेड हॅट सगळ्यांत प्रसिद्ध. मोठ्या हौसेने लोक ते विंडोजच्या शेजारी टाकायचे, आणि मग विंडोजचं पार्टिशन उघडायला गेले की उत्तर यायचं : कर्नलला ही फाईल सिस्टीम ठाऊक नाही.

ड्रायव्हर लिहिलेला होता. मूळ लिनक्समध्ये होता. रेड हॅटने आपला कर्नल बनवताना त्या ओळीपुढे 'नाही' लिहिलं होतं. कारण पेटंटचं. अमेरिकन कंपनी, अमेरिकेतला कायदा, उद्या खटला झाला तर? मग लोकांनी काय करायचं? एक तर अख्खा कर्नल स्वतः पुन्हा तयार करायचा, म्हणजे त्या यादीत जायचं, ओळ चालू करायची आणि जुन्या मशिनवर तासन् तास वाट पाहायची. नाहीतर ड्रायव्हर लिहिणाऱ्या गटाने आपल्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीसाठी बनवलेला तयार तुकडा शोधून आणायचा.

गंमत बघा. भारतात ज्या पेटंटची भीती होती, ते इथल्या कायद्यात बसायलाच कठीण. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) सांगतं की नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने अध्यादेश काढून हे दार किलकिलं करायचा प्रयत्न केला होता. २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती दुरुस्ती गाळली. संसदेत काय घडतं त्याचा आपल्या पेनड्राइव्हशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तरीही सांगली-साताऱ्याच्या कॉम्प्युटरवर ती ओळ बंदच राहिली, कारण सीडी बनली होती अमेरिकेतल्या कायद्याच्या धाकात.

लांब नावांचं बिल

ही भीती निराधार होती का? नाही. डिसेंबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की फॅट वापरणाऱ्या उपकरणांच्या उत्पादकांनी परवाना घ्यावा. दर : नगामागे २५ सेंट, एका उत्पादकाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. आधार होता लांब नावं साठवण्याच्या पद्धतीवरच्या पेटंटचा. फॅटमध्ये मूळ नाव आठ अधिक तीन अक्षरांचं. विंडोज ९५ ने लांब नावाबरोबर त्याचं छोटं नावही लिहायची युक्ती काढली. पेटंट होतं ते या जोडनावाच्या युक्तीवर.

अमेरिकेतल्या एका लोकहितवादी पेटंट संस्थेने २००४ मध्ये याला आव्हान दिलं. पेटंट कार्यालयाने आधी तिच्या बाजूने कौल दिला, पण जानेवारी २००६ मध्ये पेटंट कायम ठेवलं.

आणि २५ फेब्रुवारी २००९ ला बार उडाला. मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या डच कंपनीवर दावा ठोकला. टॉमटॉम गाडीत रस्ता दाखवणारी यंत्रं बनवायची आणि त्यात लिनक्स होतं. आठ पेटंटांपैकी तीन लिनक्सच्या कर्नलशी निगडित होती, त्यातली दोन या लांब नावांची. महिना-सव्वा महिन्यात, ३० मार्चला तडजोड झाली. टॉमटॉमने पैसे देण्याचं आणि दोन वर्षांत लांब नावांची सोय काढून टाकण्याचं कबूल केलं. विचार करा, नकाशा दाखवणाऱ्या यंत्राला फाईलचं नाव लांब ठेवल्याबद्दल कोर्टात जावं लागलं.

यावर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलने एक बेरकी उपाय सुचवला. पेटंट लांब आणि छोटं अशा जोडीवर आहे ना? मग जोडीच मोडू. लांब नाव लिहायचं तेव्हा छोट्या नावाच्या जागी कुठल्याच सिस्टीमला नाव वाटणार नाही असा कचरा भरायचा. त्याने तसा कोड लिहून दिला. मुख्य लिनक्सने तो घेतला नाही. काही उपकरणं अडतील अशी शंका होती, शिवाय कर्नल वकिलांच्या सल्ल्याने लिहायचा का, हाही वाद होता. पण तेव्हाची अवस्था बघा : हुशार माणसं यंत्र चांगलं चालावं म्हणून नव्हे, तर वकिलाला सापडू नये म्हणून कोड लिहीत होती.

कार्डाच्या पोटातली एक्सफॅट

तोवर नवं संकट दारात होतं. फॅट-३२ मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना हे पाठ आहे. कॅमेरा आपोआप क्लिपचे तुकडे करतो ते त्यामुळेच. यावर मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सफॅट आणली. जानेवारी २००९ मध्ये ३२ जीबीच्या वरच्या नव्या मेमरी कार्डांचं मानक ठरलं आणि त्यासाठी एक्सफॅटच नेमली गेली.

इथे नीट थांबा. पूर्वी कुणाला एनटीएफएस नको असेल तर तो विंडोज टाळू शकत होता. आता मात्र बाजारातलं प्रत्येक मोठं कार्ड एका कंपनीच्या पेटंट असलेल्या रीतीने आधीच भरून येणार होतं. कार्ड तुमच्या पैशाचं, फोटो तुमचे, पण वाचायचं तर परवाना लागणार.

यातही एक वळण आलं. २०१३ मध्ये सॅमसंगचा एक्सफॅटचा ड्रायव्हर इंटरनेटवर फुटला. सॅमसंगने तो लिनक्सबरोबर ज्या पद्धतीने वाटला होता, त्यात मोकळ्या परवान्याचा भंग होत असल्याचं दिसून आलं. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सॅमसंगने कोड रीतसर मोकळा केला. कोड हातात आला, पेटंटचं भूत मात्र मानेवर होतंच. मुख्य कर्नलमध्ये तो जायला आणखी सहा वर्षं गेली.

मायक्रोसॉफ्टची चाल बदलली ती धंदा बदलल्यावर. विंडोज विकण्यापेक्षा क्लाऊड भाड्याने देण्यात कमाई दिसू लागली, आणि क्लाऊडवर गिऱ्हाईक लिनक्स मागतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनी लिनक्सच्या पेटंट-संरक्षण गटात, ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये सामील झाली. २८ ऑगस्ट २०१९ ला तिने एक्सफॅटची रचना जाहीर केली आणि ती लिनक्सच्या कर्नलमध्ये यावी असं स्वतःहून म्हटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५.४ या आवृत्तीत कच्चा ड्रायव्हर आला आणि मे २०२० मध्ये ५.७ मध्ये सॅमसंगचा नवा, नीटनेटका ड्रायव्हर. तो सांभाळणारा दक्षिण कोरियाचा नामजे जिऑन. १३ वर्षं अडलेलं काम परवानगी मिळाल्यावर नऊ महिन्यांत झालं. तंत्रज्ञानाचा अडसर किती आणि कागदाचा किती, याचा हिशेब एवढ्यावरून करा.

मूल दत्तक घेतलं, सांभाळणार कोण?

आता एनटीएफएस उरली. ऑगस्ट २०२० मध्ये पॅरागॉन या कंपनीने आपला विकाऊ एनटीएफएस ड्रायव्हर लिनक्सला फुकट देऊ केला. सत्तावीस हजार ओळी, एका दमात, एकाच पुडक्यात. लिनक्सवाल्यांनी हार घालायचं सोडून सुनावलं. इतकं एकदम कोण तपासणार? तुकडे करून द्या, चाचण्या दाखवा, उद्या बिघडलं तर कोण दुरुस्त करणार ते सांगा. वर्षभर सुधारणा होत राहिल्या आणि ३१ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या ५.१५ आवृत्तीत एनटीएफएस लिहिण्या-वाचण्याच्या पूर्ण सोयीनिशी कर्नलच्या आत आली.

काही महिन्यांतच, २०२२ मध्ये, विकसकांमध्येच प्रश्न उठला की या ड्रायव्हरकडे कुणी बघतंय का? दुरुस्त्या रखडल्या होत्या. नंतर काम पुन्हा सुरू झालं. २०२४ मध्ये ६.९ आवृत्तीत आल्टापार्माकोव्हचा तो जुना, सावध ड्रायव्हर काढून टाकला गेला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच नामजे जिऑनने जुन्या ड्रायव्हरचाच पाया घेऊन नवा ड्रायव्हर पुढे ठेवला, कारण तो कोड वाचायला आणि सांभाळायला सोपा होता. वीस वर्षांपूर्वी हात आखडता घेऊन लिहिलेलं काम असं पुन्हा कामी आलं.

ज्यांनी गावात वाचनालय किंवा पाणीपुरवठा योजना पाहिली आहे त्यांना हे नवं नाही. उद्घाटनाला सगळे असतात. पंप जळाल्यावर कोण येतो, यावर योजना जगते.

आपल्याला यातून काय?

मराठी पत्रकारांना आणि डीटीपीवाल्यांना हे दुखणं वेगळं समजवायला नको. युनिकोडच्या आधी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळ्या सांकेतिक रीतीचा होता. तो फॉन्ट नसेल तर अग्रलेखाच्या जागी नुसती अगम्य चिन्हं. कितीतरी साप्ताहिकांचे वीस-वीस वर्षांचे अंक आजही अशा फाईलींत अडकून पडले आहेत. डिस्क शाबूत, मजकूर शाबूत, वाचणारं कुणी नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण काढलं. सरकारी माहिती अशा रीतीत ठेवा की तिच्यासाठी कुणाला रॉयल्टी द्यावी लागू नये आणि एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहावं लागू नये, असा त्याचा गाभा. धोरण चांगलं आहे. पण ते दिल्लीच्या फाईलीत राहतं आणि इथे तालुक्यात सॉफ्टवेअर घेताना कुणी त्याचं नावही काढत नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. तुमच्या पतसंस्थेने, शाळेने, बाजार समितीने किंवा ग्रामपंचायतीने नवं सॉफ्टवेअर घेतलं, की वार्षिक सभेत उभं राहून तीन प्रश्न विचारा. आमची माहिती कुठल्या रीतीत साठवली जाते आणि ती रीत छापून उपलब्ध आहे का? हा ठेकेदार उद्या गेला तर दुसऱ्याला ती उघडता येईल का? आणि तसं करारात लिहिलंय का? "ते सगळं सिस्टीममध्ये आहे" हे उत्तर समजून गप्प बसू नका. करार दाखवा म्हणा.

तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फाईली, न उघडणाऱ्या हार्ड डिस्क किंवा एखाद्या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमधले संस्थेचे हिशेब असतील, तर कमेंटमध्ये लिहा. आपल्या भागात अशी किती दप्तरं कुलपात पडली आहेत, याची एक यादी तरी करू.